सातवी काठी

पोकलेनवर चढण्याआधी काका जमीन चालून यायचे. हातात पहार, पायात टाचा झिजलेले बूट, आणि कुणालाही उद्देशून नसलेली बडबड. दहा पावलं टाकायची, थांबायचं, टाच जोरात आपटायची आणि बुटाच्या कडेनं पाणी पाझरतं का ते वाकून बघायचं. मग पहार खाली सोडायची. ढकलायची नाही, नुसती सोडायची. पहारीवर त्यांनी तीन ठिकाणी पांढरा रंग मारून ठेवला होता. पहिल्या पट्ट्यापर्यंत गेली तर मशीन खुशाल नाचवा. दुसऱ्यापर्यंत गेली तर खाली जाड फळ्या टाकून जपून जा. आणि तिसरा पट्टा गडप झाला, की काका एकदम गप्प व्हायचे, बगलेतली एक काठी काढायचे, तिथं रोवायचे आणि तिच्या टोकाला लाल चिंधी बांधायचे.

साइटवर नियम पुष्कळ होते आणि पाळले जायचे थोडे. हेल्मेट साहेबांची गाडी दिसली की डोक्यावर चढायचं. पण काकांच्या काठीला कुणी हात लावत नसे.

"एवढं निरखून तर मी बायकोपण बघितली नव्हती," डोझरवाला म्हणायचा. दिवसभर माती पुढं ढकलायचं त्याचं काम, म्हणून त्याला सगळे ढकल्या म्हणत.

"म्हणून तर रुतलायस," काका मागं न बघता म्हणायचे.

"मी कसला रुततोय? ती म्हणते ती रुतलीय."

"मग दोरी तिला टाकली पाहिजे आधी."

मेकॅनिक, ज्याला पान्हा म्हणत, मशीनखाली उताणा पडलेला असायचा. तिथूनच त्याचा आवाज यायचा, "आणि दोरी ओढायला मला बोलवू नका. आधीच तीन कामं बाकी आहेत."

हे सगळं डिझेलताईला तिच्या खोलीच्या दारातून ऐकू यायचं. हे नावही ढकल्यानंच चिकटवलेलं. जुनं तळं बुजवून तिथं मोठं आवार तयार करायचं काम होतं: एक पोकलेन, एक डोझर, आठ-दहा डंपर. या सगळ्यांच्या पोटात जाणारं डिझेल तिच्या हातून जायचं. सकाळ-संध्याकाळ टाकीत सळई बुडवून पातळी बघायची, वहीत लिहायची आणि नळीवर लक्ष ठेवायचं. टाकीला लागूनच पत्र्याची खोली. अर्ध्या खोलीत फिल्टर, ग्रीसचे डबे आणि वायररोपची वेटोळी. पडद्यापलीकडच्या अर्ध्या खोलीत तिचा संसार. संसार म्हणजे एक खाट, एक शेगडी आणि पावणेदोन वर्षांची लेक. नवरा लांबच्या दुसऱ्या साइटवर होता, फोनवर भेटायचा. कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीनं सळया बुडवत बसावं, याचं तिच्या आईला फार लागायचं. तिला लागत नसे. लेक दिवसभर डोळ्यांसमोर राहील असं दुसरं काम तिला कुणी दिलं नव्हतं. इथं साहेबांनी "बघा, तुमच्या जबाबदारीवर," एवढंच म्हणून किल्ली दिली होती.

जबाबदारी तिला शिकवावी लागत नव्हती. दाराला तिनं गुडघ्याएवढी फळी ठोकून घेतली होती. वाटेतला खिळा, उघडं राहिलेलं झाकण, मागं येणारा डंपर, सगळं तिला आधी दिसायचं. लेक झोपली की तिच्या नाकाशी हात धरून बघायची सवय अजून सुटली नव्हती. आपल्या नजरेतून काही सुटत नाही, हा तिचा एकुलता एक दिलासा होता.

साडेदहाला चहा व्हायचा. तेव्हा काका फळीपलीकडे खुर्ची ओढून बसायचे आणि लेक त्यांचं एक बोट दोन्ही मुठींत धरून ठेवायची. एकदा अशाच वेळी ते म्हणाले, "सांग बघू, काल मी बूमला किती पंप ग्रीस मारलं?"

"मला काय माहीत, काका?"

"बारा. आणि बकेटच्या पिनांना सहा-सहा. मी रोज सकाळी स्वतःला विचारतो." त्यांनी कप खाली ठेवला. "माझा थोरला भाऊ माझ्याच वयाचा असताना आधी किल्ली विसरायला लागला. मग गाडी कुठं लावली ते. मग एक दिवस मी भेटायला गेलो तर म्हणाला, बसा, आपण कोणाकडे आलात?"

तिनं त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला.

"भाऊ गेला त्याचं एवढं नाही गं. पण ते बसा म्हणणं..." काकांनी बोट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, लेकीनं सोडलं नाही. "मी ठरवून टाकलंय. ज्या दिवशी माझी अशी एक चूक होईल, त्या दिवसापासून लिव्हरला हात लावणार नाही. दहा टनांची बकेट माणसांच्या डोक्यावरून फिरते. डोकं ठिकाणावर पाहिजे."

"दहा टनांची?" पलीकडून ढकल्या ओरडला. "बकेटमध्ये एक टन माती मावत नाही, काका! झालं, सुरू झालं तुमचं!"

सगळे हसले, काका सगळ्यांत जास्त. पण हसताना ते तिच्याकडे बघत होते, आणि तिला कळलं, की आकडा मुद्दाम फुगवला होता की खरंच चुकला होता, ते काका स्वतःशी तपासून बघताहेत.

आवाराच्या तिच्या खोलीकडच्या कोपऱ्यात तळ्याची सगळ्यांत खोल जागा होती. वरून माती वाळून कडक खपली धरलेली, खाली नुसता लगदा. तिथं काकांनी काठ्या रोवल्या. तीन अलीकडे, तीन पलीकडे, एका रेषेत. आणि मधोमध एक, रेषेच्या चांगली चार पावलं बाहेर. लगदा तिथं कोपरासारखा पुढं आला होता. एकूण सात. रोवून झाल्यावर त्यांची पोकलेन तीन दिवस आवाराच्या दुसऱ्या टोकाला चर खणायला गेली.

त्यातल्या पहिल्याच दिवशी सळई टाकीत पडली.

लेक कडेवर होती, पाय झाडत होती. सळई हातातून निसटली आणि टाकीच्या तळाशी जाऊन टणकन वाजली. तेवढ्यात डिझेलचा टँकर येऊन उभा राहिला. ओतण्याआधी एकदा आणि ओतल्यावर एकदा पातळी लिहायची, हा नियम मात्र साहेब स्वतः तपासायचे.

"ताई, माप घेताय का ओतू तसंच?" टँकरवाला खिडकीतून म्हणाला. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

तिनं इकडेतिकडे बघितलं. खोलीपासून जवळच एक सुकलेली, सरळ काठी जमिनीत उभी होती. सहा काठ्यांच्या रांगेपासून वेगळी, एकटी. टोकाला चिंधी नव्हती. वाऱ्यानं उडाली असणार. पण हे तिला नंतर सुचलं. त्या वेळी तिला एवढंच वाटलं, की ही जास्तीची, कुणीतरी सहज खोचून ठेवलेली. तिनं ती उपटली, पुसली, टेप लावून खिळ्यानं खुणा ओढल्या आणि टाकीत घातली. लाकूड कोरडं असल्यानं डिझेलची ओली रेघ सळईपेक्षाही स्वच्छ दिसली. टँकर गेला. काठी टाकीपाशी टेकून राहिली. दुसऱ्या दिवशीही तिनं तीच वापरली, आणि तिसऱ्या.

चौथ्या दिवशी चहाच्या थोडं आधी ती टाकीचं झाकण उघडून काठी आत सोडत होती, लेक पायाशी खेळत होती. चाकांवरच्या लोखंडी चेनचा खडखड आवाज जवळ येतोय असं वाटून तिनं मान वर केली. काकांची पोकलेन परत येत होती. चालवताना काका जमिनीकडे बघत नसत. जमीन एकदा पायानं बघितली की पुढं काठ्यांकडे बघायचं, डावी चेन काठ्यांपासून हातभर लांब ठेवायची, ही त्यांची रीत. आणि आता समोर सहा काठ्या पट्टीनं आखल्यासारख्या एका रेषेत उभ्या होत्या. सहा लाल चिंध्या. काकांनी मशीन त्या रेषेला समांतर लावली.

तिनं हातातल्या काठीकडे बघितलं. सातवी तिच्याच हातात होती.

लेकीला तिथंच ठेवून पळाली असती तर कदाचित पोचली असती. पण उघड्या टाकीपाशी लेकीला सोडणं तिच्या हातून झालं नाही. तिनं काठी टाकली, झाकण लोटलं, लेकीला उचलून कडेवर घेतलं आणि मग पळाली. एक हात हलवत, ओरडत. लेकीचा एक बूट वाटेत गळून पडला. इंजिनाच्या आवाजात तिचं ओरडणं तिलाच ऐकू येत नव्हतं. काकांनी तिला बघितलं. त्यांनी हसून हात वर केला, हातानं कप तोंडाला लावल्याची खूण केली, आणि मान हलवली. आलोच.

आवाज असा काही झालाच नाही. ओला पुठ्ठा दबावा तशी खपली दबली, डावी चेन आत गेली आणि अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखी ती एवढी मोठी मशीन एका अंगावर कलली. दुसरा कुणी असता तर घाबरून चेन फिरवत बसला असता आणि स्वतःची कबर स्वतः खणली असती. काकांनी चेन जागच्या जागी थांबवली, बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, उजवीकडे वळवला, बकेट कडक जमिनीवर टेकवून मशीनला कुबडी दिली, मगच दार उघडलं. उतरून त्यांनी पहिल्यांदा काठ्या मोजल्या. तिथंच, चिखलात उभं राहून, बोट दाखवत. दोनदा.

"सात रोवल्या होत्या," ते म्हणाले.

ढकल्या आणि पान्हा धावत आले होते. साहेबांची गाडी मागोमाग आली.

"सहाच आहेत," साहेब म्हणाले.

"सात होत्या, साहेब. मधली बाहेर होती. इथं, बरोबर इथं." काकांनी ज्या जागी बोट दाखवलं तिथं आता मशीन कलली होती आणि तिच्याखाली नुसता चिखल होता. काठीचं भोक असलंच तर दोन हात खाली गेलेलं.

"मग गेली कुठं? पाय फुटले?"

काका तिच्याकडे वळून म्हणाले, "ही आत्ता चहाला बोलवायला आली होती. हिनं बघितलं, मी काही वेड्यासारखी चालवत नव्हतो."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही दिवसभर इथंच असता. काठ्या किती होत्या?"

ते असं एवढं सरळ विचारतील, असं तिला वाटलं नव्हतं. कडेवर लेक होती. पाठीमागे पत्र्याची खोली होती, दाराला फळी होती, फळीआड खाट होती. ज्यानं हे केलं तो आज संध्याकाळी साइटवर दिसणार नाही, हे वाक्य साहेबांनी गाडीतून उतरतानाच टाकलं होतं.

"मी मोजल्या नव्हत्या," ती म्हणाली.

तिनं स्वतःला समजावलं, की मशीन बाहेर निघाली की सांगू. मशीन निघाली की राग उतरेल. संध्याकाळी पान्हा रोजच्यासारखा पत्र्याच्या पिंपात तेलकट चिंध्या जाळत होता. तो हात धुवायला गेला तेव्हा तिनं काठी मोडून पिंपात टाकली. डिझेल प्यालेलं लाकूड, भडकन पेटलं. खिळ्याच्या खुणा एकेक करून काळ्या पडल्या. ती खोलीत येऊन लेकीच्या नाकाशी हात धरून बसून राहिली. लेक जागी होती आणि हसत होती.

मशीन काढायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी गमती चालू होत्या. जड कामात त्या लागतातच.

"चेनसमोर उतार खणा," काका सांगत होते. "उभी भिंत ठेवलीत तर चढणार कशी ती?"

"काका, तिला म्हणावं जरा पोट आत घे," ढकल्या फावड्यानं लगदा उपसत म्हणाला.

"तू तुझं घे आधी. तू कडेला उभा राहिलास की ती आणखी एक इंच खाली जाते."

"ऐका, ऐका. मशीन बुडाली तरी माणूस तरंगतोय!"

त्यांनी जाड ओंडका आणला, दोन्ही चेनवर आडवा टाकून साखळ्यांनी बांधला, म्हणजे चेन फिरेल तसा ओंडका खाली जाईल आणि मशीन त्याच्यावर पाय देऊन वर येईल. काका कॅबिनमध्ये चढले. अगदी हळू, नखभर लिव्हर. ओंडका खाली गेला, मशीन वीतभर उचलली आणि ओंडका मधोमध मोडला. मशीन होती त्याहून खाली बसली. कॅबिनच्या दारात चिखल आला.

दुसऱ्या दिवशी डोझरनं ओढायचं ठरलं. वायररोप लावला. काकांनी दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाकायला लावलं. तुटला तर पोत्याच्या वजनानं दोर खाली पडतो, माणसाच्या अंगावर येत नाही. सगळ्यांना लांब उभं केलं. तिला तर खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं. तिनं फटीतून बघितलं. डोझर गुरगुरला, दोर ताठ झाला, गाऊ लागला, आणि तुटला. पोत्यानं त्याला जमिनीवर आपटलं. माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

"वाचवलंत, काका," पान्हा म्हणाला.

"हो, पोतं आठवलं," काका म्हणाले. "पोतं आठवतं. काठी आठवत नाही."

ढकल्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं ते बघितलं. त्यानंतर काकांची कुणी चेष्टा केली नाही. "काका, तुम्ही बसा." "काका, मी करतो ना." ती सगळ्या गोष्टींवर लक्ष ठेवणारी, तिला ते आवाजातलं मऊपण पत्र्यावर नख ओढल्यासारखं ऐकू येत होतं. चेष्टा चालू होती तोवर काका त्यांच्यातले एक होते.

तेव्हा सांगायला हवं होतं. तिला पक्कं माहीत होतं. ती खोलीतून दोनदा निघाली. एकदा साहेब काकांशी बोलत होते. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, काका एकटे कडेला उभे राहून पहार खाली सोडत होते, पुन्हा उपटत होते, पुन्हा सोडत होते, आणि तिसरा पट्टा दर वेळी गडप होत होता. ती दहा पावलांवर जाऊन थांबली. लेक रडली असं तिला वाटलं. ती परत फिरली. लेक रडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुसरीकडून मोठी मशीन आली, बुडाखाली पाण्याचा फवारा सोडून चिखलाची पकड सोडवली आणि दुपारपर्यंत पोकलेन बाहेर काढली. इंजिनात चिखल, हायड्रॉलिकमध्ये चिखल, सीटवर चिखल. पान्ह्यानं एक कव्हर उघडलं, आत बघितलं आणि परत लावून टाकलं.

साहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, "होतं असं. दुसरी मशीन येईल महिनाभरात. तुम्हीच चालवा."

म्हणजे कुणालाच काढणार नव्हते. पाण्याच्या पिंपाआड उभी राहून तिनं ते ऐकलं.

"नाही," काका म्हणाले. "मला लिव्हरवर बसवू नका. गेटवर ठेवा. तिथं काय, येईल तो डंपर लिहायचा."

"अहो, एका काठीवरून?"

"काठीवरून नाही, साहेब. सात रोवल्या असं मला दिसतंय, आणि आहेत सहा. आज काठी आहे, उद्या काठीच्या जागी माणूस असेल."

काका गेटवर गेले. एक खुर्ची, एक वही. डंपर आला की नंबर लिहायचे, मग उठून मागं जाऊन मागचा नंबरही वाचायचे, आणि तोच आहे ना ते बघून बरोबरची खूण करायचे. संध्याकाळी गेटला कुलूप लावून पन्नास पावलं जायचे, परत यायचे, कुलूप ओढून बघायचे. पुन्हा जायचे, पुन्हा यायचे. साडेदहाला चहा घ्यायला येईनासे झाले. लेक फळीला धरून त्या वेळी उभी राहायची आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवायची.

पंधरा दिवसांनी ती गेली. दोन कप चहा घेऊन, लेकीला चालवत.

"काका, सातवी काठी होती," ती उभ्या उभ्याच म्हणाली. बसली असती तर पुन्हा राहिलं असतं.

काकांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"मी काढली. माझी सळई टाकीत पडली होती, टँकरवाला घाई करत होता. चिंधी उडाली होती, मला वाटलं जास्तीची असेल. तुम्ही बरोबर होतात. सातच रोवल्या होत्या तुम्ही."

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसले. किती दिवसांनी तरी.

"तुला कुणी पाठवलं? ढकल्यानं?"

"कुणी नाही, काका."

"परवा ढकल्या सांगून गेला, काठी त्याच्या डोझरखाली आली असणार, त्याला आता आठवतंय म्हणे. काल पान्हा आला. म्हणाला, भटकं कुत्रं तोंडात काठी घेऊन जाताना त्यानं बघितलं. आज तू." त्यांनी चहाचा कप घेतला. "चांगली आहेत गं पोरं. पण आपसात ठरवून तरी या. एकाच काठीचं तिघं तिघं काय काय सांगता?"

"मी खरं सांगतेय."

"बरं. मग दाखव काठी."

"जाळली."

"हं," काका म्हणाले, अगदी मायेनं.

तिचा आवाज चढला. "काका, त्या दिवशी मी पळत आले होते. आठवतं ना? कशाला आले असेन मी पळत, लेकीला घेऊन? तुम्हाला थांबवायला आले होते. काठी माझ्या हातात होती, मी टाकली आणि पळाले!"

काकांचा कप अर्ध्यावर थांबला. तिला वाटलं, पोचलं. मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून तिला तिथून निघून जावंसं वाटलं. ते घाबरले होते.

"चहाला बोलवत होतीस," ते म्हणाले.

"नाही, काका."

"चहालाच. थांब." त्यांनी वही बाजूला ठेवली. "ही कडेवर होती. उजव्या कडेवर. हिच्या एका पायात बूट होता, एका पायात नव्हता. बरोबर?"

"बरोबर."

"तू डावा हात हलवत होतीस. मी असा कप करून दाखवला. बरोबर?"

"बरोबर. पण..."

"त्या दिवसातलं तेवढं एकच मला स्वच्छ दिसतं गं. काठ्यांचं सगळं गढूळ झालंय. आता तर सहाच रोवल्याचंही आठवतं, अगदी सहावी चिंधी बांधतानाचा हात दिसतो. पण तू चहाला बोलवत आलीस, हसत होतीस, हे पक्कं आहे. रोज सकाळी उठलो की आधी तेच काढून बघतो. आहे ना जागेवर म्हणून." ते तिच्याकडे बघत राहिले. "तेपण चूकच होतं म्हणतेस?"

एक डंपर गेटाशी येऊन हॉर्न वाजवू लागला. लेकीनं खुर्चीचा पाय सोडला आणि काकांचं बोट दोन्ही मुठींत धरलं. तिनं हॉर्न थांबायची वाट बघितली. तो थांबल्यावर वाट बघण्यासारखं काही उरलं नाही.

"चहालाच बोलवत होते, काका," ती म्हणाली.

"बघ," काका म्हणाले. त्यांच्या खांद्यातला ताठा उतरला. त्यांनी वही ओढून डंपरचा नंबर लिहिला, मागचा नंबर बघायला उठले, परत आले, खूण केली. मग लेकीच्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं. नव्या बुटांकडे.

"तो एक बूट नंतर सापडला का गं हिचा?"

"नाही सापडला."

"चिखलात गेला असणार. तिथं एक काठी रोवायला हवी होती मी."